फोटोत सोडलेली जागा

कव्हर

अल्बम म्हणजे फोटो चिकटवलेली जाडजूड वही, असं ज्यांना वाटतं त्यांनी मधलीच्या आईचा अल्बम पाहिलेला नाही.

काळ्या रेक्झिनचं कव्हर. कडेला ओवलेली रेशमी दोरी. आत काळी जाड पानं आणि दर पानावर बटरपेपरचा पडदा. फोटोला डिंक लावायचा नाही, हा आईचा हट्ट. काळ्या कागदाचे इवलेसे कोपरे ती स्वतः कातरायची, घडी घालायची आणि त्यांत फोटो अडकवायची, म्हणजे फोटो पानावर असतोही आणि हवा तेव्हा निघतोही. एका पानावर सगळ्यांनी एकदम बोलायचं नाही, असंही म्हणायची. एका फोटोत माणसं खिदळत असतील तर शेजारी नुसती खिडकी, नाहीतर भिंतीला टेकवलेली सायकल. डोळ्यांना दम खायला जागा हवी. खाली पांढऱ्या पेन्सिलीने नाव, तेही एका शब्दात. ‘तळं’. ‘सायकल’. ‘सगळे’.

हे सगळं तिला यायचं कारण ती फोटो स्टुडिओत रीटचिंग करायची. उतरत्या काचेच्या टेबलापाशी बसून, सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने निगेटिव्हवरच काम. लोकांच्या गालांवरचे मुरूम घालवायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची, ऐन वेळी डोळे मिटणाऱ्यांचे डोळे उघडून द्यायचे. बाबा चारचौघांत म्हणायचे, “हिच्यामुळे अर्ध्या गावाची लग्नं जमली. फसलो म्हणून उरलेलं अर्धं गाव हिला शोधतंय.”

लोक हसायचे. आईही हसायची. मधली तर सगळ्यांत जास्त हसायची.

आजचा दिवस (याचा फोटो अजून निघालेला नाही)

आई जाऊन वर्ष उलटलं होतं. बाबांचे गुडघे जिन्याला दाद देईनासे झाले, म्हणून ते आता ताईकडे राहायला जाणार होते. घर रिकामं करायला तिघं भावंडं जमली. ताई, म्हणजे थोरली, हॉस्पिटलात नर्स होती, आता निवृत्त. बारक्या, म्हणजे धाकटा. केस पिकले तरी बारक्याच. आणि या दोघांमध्ये मधली. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. सैल झालेलं घट्ट करायचं, घट्ट झालेलं सैल करायचं, उसवायचं, शिवायचं, इस्त्री मारून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं.

भांड्यांची वाटणी झाली, कपाटाची झाली. मधलीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “मला काही नको. अल्बम तेवढा माझा.”

“घ्या!” बारक्या म्हणाला. “कपाट मला, फ्रीज ताईला आणि इतिहास हिला. सगळ्यांत हुशार हीच.”

“तुला काय करायचाय इतिहास? तू त्यात नुसता लाळ गाळतोयस.”

“म्हणून तर म्हणतो, जाऊ दे. पण आधी मी सगळी पानं मोबाइलवर उतरवून घेतो. टीव्ही अजून बांधला नाही, त्यावर लावू. मोठं बघू. बाबांनाही दिसेल.”

ताई कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती. ती म्हणाली, “कशाला तो खटाटोप? गाडी येईल इतक्यात.”

“येऊ दे की. आणि जायच्या आधी आपला एक फोटो काढायचाय हं सगळ्यांनी. शेवटचं पान रिकामं आहे ना?”

ते खरंच रिकामं होतं. आईने त्यावर चार कोपरे लावून ठेवले होते, खाली पांढऱ्या पेन्सिलीने ‘सगळे’ लिहून ठेवलं होतं, आणि फोटो लावायचा राहून गेला होता.

ताईने अल्बम तिला द्यावा की नाही यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कप गुंडाळत राहिली. मधलीला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

पान: ‘तळं’

*[फोटो. मागे तळं, पाण्यावर उन्हाचे तुकडे. बाबा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे, ओले. त्यांच्या शेजारी आई, कडेवर बारक्या. पुढे ताई, दोन वेण्या, एक पाय अनवाणी. ताईचा डावा हात मधलीच्या खांद्यावर. मधली पट्ट्यापट्ट्यांच्या फ्रॉकमध्ये, हात दोन्ही बाजूंना सरळ, कॅमेऱ्याकडे बघत.]*

“कवायत सावधान!” फोटो टीव्हीवर आला तसा बारक्या ओरडला.

हा घरचा जुना विनोद. लहानपणच्या फोटोंत मधली कायम अशीच, हात सरळ, मान ताठ, जणू झेंड्यापुढे उभी केली आहे. पुढच्या, शाळेत जायला लागल्यानंतरच्या फोटोंत मात्र ती कधी धड उभीच नाही. कुठे मान वळलेली, कुठे हात हललेला, एका फोटोत तर चेहऱ्याच्या जागी नुसता धुराचा लोट. आई म्हणायची, लहानपणी गुणाची होती, नंतर बिघडली.

मधली टीव्हीकडे बघून सांगायला लागली. हे तिच्या दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने ऐकलेलं होतं. “मी चप्पल पाण्यात फेकली होती. मुद्दाम. बुडते की तरंगते ते बघायला. मग बाबा पॅन्टसकट आत. आई काठावरून ओरडतेय, अहो, चप्पल जाऊ दे, पॅन्ट नवी आहे!”

“नवी होती खरी,” खुर्चीतून बाबा म्हणाले. मग खिडकीबाहेर बघायला लागले.

“मला ते पाणीसुद्धा आठवतं,” मधली म्हणाली. “गार.”

एक कप ताईच्या हातून निसटला. फुटला नाही, वर्तमानपत्रांच्या ढिगात पडला.

अल्बममध्ये नसलेला फोटो

आता एक आडवळण घेऊ, फार लांब नाही.

मधलीच्या डोक्यात लहानपणापासून एक जिना होता. लोखंडी, बाहेरच्या अंगाने वर जाणारा, पिवळ्या रंगाचा. रंगाला फोड आलेले, आणि ते फोड नखाने सोलायचे. वर एक दार, दारात एक बाई, तिच्या हाताला औषधासारखा वास. बस, इतकंच. शाळेत जायच्या वयापासून ती विचारायची, आई, ते पिवळ्या जिन्याचं घर कुठे आहे गं?

आई हातातलं काम बाजूला ठेवायची, अल्बम काढायची, तिला मांडीवर घ्यायची. “कुठलं घर? हे बघ तळ्यावर तू. हे बघ सायकल आणली तेव्हा तू. हे बघ बारक्या पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा तू. सगळीकडे आहेस की नाही? मग? स्वप्न पडलं असेल माझ्या बाईला.”

फोटोपुढे कुणाचं काय चालणार? तिने ताईलाही विचारलं होतं. चिंचोक्यांनी खेळताना, एकाच पांघरुणात झोपताना, लग्न ठरल्यावरही एकदा. ताईने दर वेळी डोक्यात टपली मारली. “वेडी आहेस. एवढं रंगीत डोकं घेऊन कपडे काय शिवतेस, गोष्टी लिही.”

ताई म्हणाली म्हणजे मिटलं. जगात मधलीचा आईपेक्षाही ताईवर जास्त भरवसा होता. नवऱ्याशी भांडली तरी ती ताईला फोन करायची, गाठ आली असं वाटलं तेव्हाही डॉक्टरच्या आधी ताईला. त्यामुळे जिना ती मनातून काढू शकली नाही, पण त्याच्याबद्दल बोलणं तिने सोडलं. स्वतःच्या मुलांना तिने तळं सांगितलं, जिना नाही.

पान: ‘सायकल’

*[फोटो. दारापुढे नवी सायकल. बाबा सीटवर हात ठेवून, जहागीरदारासारखे. ताई मागच्या कॅरिअरवर. आई बारक्याला धरून. सायकलच्या पुढच्या चाकापाशी मधली, गडद रंगाच्या साध्या फ्रॉकमध्ये, केस आता कानापर्यंत वाढलेले, हात सरळ.]*

“बघ, केवढी दिसतेस,” म्हणत बारक्याने दोन बोटांनी फोटो ताणला. टीव्हीभर मधलीचा चेहरा पसरला, मग खांदा, मग बाही.

बाही तिथेच थांबली.

मधली टीव्हीकडे बघत होती आणि तिच्या आतली दुकानदारीण जागी झाली. फुग्याची बाही. शिवणीपासून निघून तिरकी खाली उतरलेली एक सुरकुती, अर्ध्यावर तिला फाटा फुटलेला, फाट्याचं टोक पुन्हा वर वळलेलं. इस्त्री नीट न मारता घाईघाईने घातलेला फ्रॉक. आईकडून असं?

“मागचा लाव,” ती म्हणाली.

“कुठला मागचा?”

“तळ्याचा. आणि बाही मोठी कर.”

“बाही?” बारक्या हसला. “अगं बाई, दुकान बंद करून आलीस ना?”

त्याने तळं लावलं. पट्ट्यांचा फ्रॉक. बाही मोठी केली. शिवणीपासून तिरकी सुरकुती, अर्ध्यावर फाटा, टोक वर.

“आता बारक्या उभा राहतो तो.”

ठिपक्यांचा फ्रॉक, केस आणखी लांब, चेहरा आणखी निमुळता. तीच बाही. तिरकी, फाटा, टोक.

तिने अल्बम स्वतःच्या हाताने मागे उलटला, अगदी सुरुवातीला. तिथे ती एकटी होती. तीन वर्षांची, स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यापुढे, पांढऱ्या फ्रॉकमध्ये. हात सरळ. हा फोटो टीव्हीवर लावायची गरज नव्हती. तिने तो चष्म्यापाशी नेला आणि बघितला.

एकच कापड कितीदाही घाला, धुवा, इस्त्री करा. सुरकुती दोनदा तशीच पडत नाही. हे तिला कुणी शिकवायला नको होतं, आयुष्य त्यात गेलं होतं. आणि इथे तर तीन फोटोंत तीन वेगळे फ्रॉक होते.

आईने चेहरा बदलला होता. गाल फोटोगणिक ओढले होते, केस एकेक करून वाढवले होते, पांढऱ्या फ्रॉकवर पट्टे काढले होते, ठिपके काढले होते, तो काळा केला होता. कडा कुठे दिसत नव्हती. आईसारखी कारागीर नव्हतीच दुसरी. पण स्टुडिओत लोक चेहऱ्याचे पैसे देतात. गळ्याखाली बघायची आईला सवयच नव्हती.

मधलीने मान वळवली. बारक्या तिच्याकडे बघत होता, काहीच न कळून. बाबा खिडकीबाहेर बघत होते. ताई हातातल्या कपाकडे बघत होती.

दोघं बघत नव्हती. त्यावरून तिला कळलं.

बटरपेपर

“ताई.”

“फोटो खराब झाला असेल गं. आईने नीट केला असेल. ती करायची ना असं.”

“ताई, माझ्याकडे बघून बोल.”

“गाडी येईल, मधले.”

“गाडी गेली खड्ड्यात. मी कुठे होते?”

“कधी?”

“हे काढले तेव्हा.”

“अरे, काय चाललंय?” हा बारक्या. “तू कुठे असणार? ही काय, चाकापाशी.”

“तू थांब. ताई, मी कुठे होते?”

“मला आईने शपथ घातली होती.”

“आई गेली. शपथ सुटली. बोल.”

“बाबांना विचार.”

“मी तुला विचारतेय.”

पान: (नाव नाही)

बोलले बाबा, खिडकीकडे तोंड करूनच.

“आत्याकडे होतीस,” ते म्हणाले.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबांची आई लवकर गेली, तेव्हा त्यांना तिनेच वाढवलं. तिला मूल नव्हतं. एकदा आली, चार दिवस राहिली, जाताना दाराशी बसली आणि उठेना. म्हणाली, मी तुला वाढवला, तुला तीन झाली, मला एक दे.

“आणि तुम्ही दिलीत,” मधली म्हणाली.

“दिली नाही. ठेवली होती.”

“बाबा, ठेवतात ते सामान.”

बारक्या मोबाइल हातात धरून उभा होता. त्याच्या तोंडून विनोद निघेना. शेवटी म्हणाला, “म्हणजे... कायमची?”

बाबा खिडकीबाहेरच बघत राहिले. म्हणजे कायमची.

“मग परत कशी आले?”

“आत्याला स्वतःची झाली,” आता ताई म्हणाली. “नवसासायासाची. मग तिने निरोप धाडला की घेऊन जा.”

आत्याची मुलगी मधलीला माहीत होती. लग्नाकार्यात भेटायची, गळ्यात पडायची, तिला ताई म्हणायची. आत्यासुद्धा दोनदा-तीनदा भेटली होती, नव्या घरात, लिफ्टच्या इमारतीत. गालावरून हात फिरवून म्हणाली होती, मोठी झालीस गं. हाताला वास कसला होता ते मधलीने तेव्हा पाहिलं नव्हतं.

तिला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारलं नाही तर बरं, हेही तिला कळत होतं. तरी विचारलं.

“मीच का?”

टीव्हीवर अजून तिची बाही होती, भिंतीएवढी.

“थोरलीची शाळा होती,” बाबा म्हणाले. “हा अंगावर पीत होता.”

“ते झालं. मीच का?”

बाबांनी खूप वेळ घेतला. म्हाताऱ्या माणसाला शब्द सापडत नाहीत म्हणून नव्हे, एकच सापडला होता म्हणून.

“तू रडायची नाहीस,” ते म्हणाले.

तेच पान, पुन्हा

आता ताईला थांबवणं अवघड झालं. इतकी वर्षं दाबून धरलेलं गाठोडं सुटलं, आणि ताई वर्तमानपत्रांच्या ढिगात बसून सांगत सुटली. जणू सांगून टाकलं की ते तिचं राहणार नव्हतं.

आई पहिला महिनाभर जेवली नाही. मग एक दिवस स्टुडिओच्या मालकांचा कॅमेरा मागून आणला, सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना तळ्यावर नेलं. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला, फोटो आपोआप निघावा म्हणून घोडा ताणला, सगळ्यांना उभं केलं. आणि म्हणाली, जागा सोडा.

“कुणाला?” ताईने विचारलं होतं.

“मधलीला. ती यायची आहे. इथे हात धर, तिच्या खांद्याएवढा. खाली नको घेऊ. हं, अस्सा. आता हसा.”

*[फोटो. मागे तळं, पाण्यावर उन्हाचे तुकडे. बाबा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे, ओले. त्यांच्या शेजारी आई, कडेवर बारक्या. पुढे ताई, दोन वेण्या, एक पाय अनवाणी. ताईचा डावा हात          हवेत.]*

“हात दुखायचा,” ताई म्हणाली. “तो घोडा सुटेपर्यंत. पण खाली घेतला तर आई रडायची, म्हणून नाही घेतला. दर फोटोत असंच. जागा सोडा, जागा सोडा. शेजारपाजारचे हसायचे. मग ती रात्रंदिवस बसून तुझ्या त्या एकाच फोटोची प्रत कापायची, मागून घासून पातळ करायची, बसवायची, रंगवायची, पुन्हा फोटो काढायची. मधले, तिने तुला एक दिवस घराबाहेर ठेवलं नाही. खरं सांगते.”

बारक्याचे डोळे भरले. ऐकणाऱ्या कुणाचेही भरले असते. मधलीचे भरले नाहीत. तिने अल्बममध्ये तळ्याच्या फोटोतला ताईचा अनवाणी पाय बघितला.

“एक चप्पल कुठे आहे तुझी?” ती म्हणाली.

ताईने पाय आखडून घेतले.

“ताई, पाण्यात चप्पल कुणी टाकली?”

“मी.”

“बुडते की तरंगते बघायला?”

“हो.”

“आणि पाणी गार होतं, ते?”

“तेही मीच सांगितलं असेन तुला कधीतरी. तू परत आलीस तेव्हा सारखी एका कोपऱ्यात बसायचीस. आई म्हणाली, तुझ्याजवळ खूप आहेत गोष्टी, ही तिला देऊन टाक. आता ही तिची. मी पुन्हा कधी माझी म्हणून नाही सांगितली. माझ्या मुलांनासुद्धा नाही.” ताईने नाक पुसलं. “मलाही आवडायची ती गोष्ट.”

हे ऐकून मधलीला ताईची दया यायला हवी होती. थोडीशी आलीही. पण तिच्या पुढेच दुसरं काहीतरी येऊन उभं राहिलं होतं, आणि ते मोठं होतं.

“ताई, आत्याच्या त्या जुन्या घराला जिना होता?”

ताईने मान खाली घातली.

“लोखंडी?”

“हो.”

“बाहेरून?”

“मधले, तू लहान होतीस. आई म्हणायची, विसरेल, आपण विसरायला मदत करायची.”

“रंग कुठला होता?”

“तुला माहितीये.”

“मला माहीत आहे. मला माहीत होतं. मी सहा वर्षांची होते तेव्हाही माहीत होतं. मी तुझ्याच तोंडून ऐकणार आहे.”

“पिवळा,” ताई म्हणाली. “तुला सोडायला मीही आले होते. तू रंग सोलत बसली होतीस पायरीवर. आम्ही गेलो ते तुला कळलंही नाही.”

“कळलं होतं,” मधली म्हणाली.

कळलं होतं की नाही, ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण आता तिची आठवण कुणी तिला सांगावी, हे तिला चालणार नव्हतं.

आईने फोटो बनवले, ते जाऊ दे. बाईने रिकाम्या जागेपुढे हात धरायला लावला, हसायला लावलं, रात्री जागून पोर घडवली. त्याला काय म्हणायचं ते मधली नंतर बघेल, पुढची सगळी वर्षं पडली आहेत. पण परत आलेली पोर मांडीवर घेऊन, तिच्याजवळचं एकुलतं एक खरं होतं ते, तिच्याच चेहऱ्याने खोटं पाडायचं? हे बघ तू. हे बघ तू. आणि ताई? ताईला तर काही बनवावंही लागलं नाही. नुसती टपली मारली की काम व्हायचं.

“मी लग्नाच्या आधी विचारलं होतं तुला,” मधली म्हणाली. “आठवतं? गच्चीवर. मी म्हटलं, ताई, मला कधीकधी वाटतं माझ्या डोक्यात बिघाड आहे. तू काय म्हणालीस?”

ताईला आठवत होतं.

“म्हणालीस, असू दे, सासरच्यांना सांगू नकोस.”

शेवटचं पान

खाली गाडीचा हॉर्न वाजला. हमाल वर आले, कपाट उतरवायला लागले. त्यांच्या हाळ्यांमुळे कुणाला काही बोलावं लागलं नाही, हे एक बरं झालं. बारक्याने टीव्हीची वायर काढली आणि ती भलीमोठी बाही एकदाची विझली. मग तो खोलीच्या मधोमध उभा राहिला, तिघांकडे आळीपाळीने बघत. माणूस मनाने चांगला, पण गप्प बसणं त्याला कधी जमलं नाही.

“फोटो राहिला,” तो म्हणाला.

“बारक्या,” ताई म्हणाली, “आज नको.”

“आजच. नाहीतर मग कधी? बाबा आहेत, घर आहे. मधले, ये ना. जे झालं ते... आपण आहोत की सगळे.”

मधली उठली. सगळ्यांना वाटलं येतेय. तिने बारक्याच्या हातून मोबाइल घेतला.

“तुम्ही उभे राहा,” ती म्हणाली. “मी लावते.”

बारक्या खुलला. त्याने बाबांची खुर्ची भिंतीपाशी ओढली, जिथे कपाट होतं आणि आता कपाटाच्या आकाराचा रंग उरला होता. स्वतः खुर्चीमागे उभा राहिला. ताई डोळे पुसून बाबांच्या डाव्या बाजूला आली. मधलीने मोबाइल वर्तमानपत्रांच्या ढिगावर कपाला टेकवून ठेवला, वाकून बघितलं, थोडा सरकवला. आईसारखीच एक डोळा मिटून.

“बरोबर दिसतोय?” बारक्याने विचारलं. “दहा सेकंदांचं लाव, तुला यायला वेळ मिळेल.”

“लावते,” मधली म्हणाली. “जागा सोडा.”

बाबांनी चमकून वर बघितलं.

ताईने मात्र विचार केला नाही. करायला वेळच मिळाला नाही. शब्द कानावर पडले तशी ती एक पाऊल बाजूला सरकली, आणि तिचा डावा हात आपोआप वर आला, जरासा वाकून, बोटं सैल. साठी ओलांडलेल्या बाईचा हात, पण थांबला तो बरोबर तिथे, तीन वर्षांच्या पोरीच्या खांद्याएवढ्या उंचीवर.

मग ताईला ते दिसलं. पण तिने हात खाली घेतला नाही.

“ये ना गं,” ती म्हणाली.

मोबाइलवर आकडे उलटे पळायला लागले. मधलीने टेबलावरचा अल्बम उचलला. वर्तमानपत्राच्या एका मोठ्या कागदात गुंडाळला, कडा आत दुमडल्या, दुकानात गिऱ्हाइकाचं शिवून झालेलं कापड बांधते तशा. आणि तो ताईच्या खोक्यात ठेवला, कपांच्या वर.

“अगं, तो तुझा आहे!” बारक्या जागेवरूनच ओरडला. हलता येत नव्हतं ना, फोटो चालू होता.

“नाही रे,” मधली म्हणाली. “मी त्यात नाहीये.”

तिने पर्स घेतली, चपला पायात सरकवल्या. हमाल कपाट घेऊन वळणावर अडकले होते, त्यांना वाट करून देत ती जिना उतरायला लागली. साधा सिमेंटचा जिना. तरी तिने कठड्यावर हात ठेवला आणि नख घासत घासत खाली गेली.

*[फोटो. भिंतीवर कपाटाच्या आकाराचा फिकट चौकोन. खुर्चीत बाबा, मान खाली. मागे बारक्या, तोंड उघडं, डोळे दाराकडे. ताई, कॅमेऱ्याकडे बघत. ताईचा डावा हात          .]*